मर्ज आणि धुऱ्याखालचा कोळसा

तो शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा अमरावतीच्या बाजारात माझ्या गाळ्यावर बसलो होतो आणि संत्र्याच्या एका ढिगावरून एका व्यापाऱ्याशी माझी जुंपली होती. मध्येच फोन वाजला. अकोल्याहून पुतण्या बोलत होता, मोठ्या भावाचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून नुकताच परत आलेला, बोलायला गोड. शेताबद्दल बोलायचं आहे म्हणाला, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "काका, एक मिनिट हं. बाबांनाही घेतो. कॉल मर्ज करतो."

कानात टक् झालं आणि मला माझ्या भावाचा श्वास ऐकू आला.

माझा भाऊ दम्याचा माणूस. त्याचा श्वास मी शंभर माणसांत ओळखीन. शेताच्या पाण्यावरून बिनसलं तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर एकजण दुसऱ्या पंगतीला बसायचा. आणि आता तो माझ्या परवानगीशिवाय थेट माझ्या कानात येऊन बसला होता. मी फोन बंद केला. ढिगाचा भाव कुठवर आला होता तेच विसरलो. समोरच्या व्यापाऱ्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो ढीग त्यानं मला न परवडणाऱ्या भावात उचलला आणि वर विचारलं, तब्येत बरी आहे ना.

माझा धंदा लोकांना दूर ठेवण्याचा आहे. शेतकऱ्याशी वेगळं बोलायचं, घेणाऱ्याशी वेगळं. दोघं एकमेकांशी बोलायला लागले की माझी गरज संपली. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात डोक्यावर भाजीची टोपली घेऊन गल्लोगल्ली हिंडलो, शिव्या खाल्ल्या, दिल्या, त्यातून आली. तेव्हा एका बटणात दोन माणसं एकाच कानात आणणारा हा शब्द मला धंद्याच्या दृष्टीनंही धोक्याचा वाटला. पण खरी भीती वेगळी होती. त्यानं शेताचं नाव काढलं होतं.

आमचं शेत मोर्शीच्या अलीकडे, काळ्या जमिनीचं. बापानं जिवंतपणीच दोन भाग केले. पूर्वेकडचा भावाला, पश्चिमेकडचा मला. विहीर भावाच्या भागात आली, कारण ती खोदताना तो बापाबरोबर आत उतरला होता. पाणी मात्र दोघांचं, असं बाप म्हणाला. तोंडी म्हणाला. आमच्या घरात सगळं तोंडीच. बैल विकले तरी कागद नाही. भाव ठरला की घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि देणाऱ्यानं तो खायचा. गूळ खाल्ला की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. पाण्याच्या वेळी मात्र कुणी गूळ खाल्ला नव्हता. पुढे भावाला अकोल्यात नोकरी लागली, त्यानं शेत ठेक्यानं दिलं, आणि ठेकेदार मला म्हणायचा की पाण्याचं मले काही सांगतलं नाही. भावाला निरोप पाठवले. उत्तर आलं नाही. मी कोरड्यात तूर-कपाशी घेत राहिलो. डोळ्यांसमोर पंप चालायचा आणि माझ्या शेताला भेगा पडायच्या. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

दोन्ही शेतांच्या मध्ये धुरा होता. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला धुरा म्हणजे नुसता बांध वाटेल. इकडे धुऱ्यावरून माणसं कोर्टात म्हातारी होतात. शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास, एका सरीएवढं, आत सरकवतो, आणि लक्षात येतं तेव्हा त्याच्या पोराचं लग्न झालेलं असतं. आमचा धुरा रुंद होता. मी माझ्या शेतातले दगड वेचून वेचून त्यावर टाकले होते. काळी जमीन दरवर्षी नवे दगड वर काढते, कितीही वेचा. धुऱ्यावर एक हिवराचं झाड होतं, त्याखाली मी भाकर खायचो. माझ्या मेहनतीचं दिसेल असं दुसरं काही त्या शेतात नव्हतं.

वाटणीच्या दिवशी बापानं आम्हा दोघांना धुऱ्यावर नेलं होतं. दोन टोकांना आणि मधे खड्डे केले, त्यात चुलीतला कोळसा आणि फुटक्या कवेलूचे, म्हणजे छपरावरच्या कौलाचे, तुकडे पुरले. म्हणाला, "गोटा सरकते. कोयसा सरकत नाई, सडतही नाई." मग वरून माती लोटली आणि आम्हाला त्यावर पाय देऊन उभं केलं.

दुसऱ्या दिवशी पुतण्याचा पुन्हा फोन आला. या वेळी तो एकटाच होता, मी आधी तेच विचारलं. दोन्ही शेतं मर्ज करून संत्र्याची एकच मोठी बाग लावू, असं त्याचं म्हणणं होतं. ठिबक एक, कुंपण एक, विहिरीचं पाणी सगळ्या झाडांना. अकोल्याला या, बसून बोलू. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. सौद्यात मी कधीच नाही म्हणत नाही. नाही म्हटलं की समोरचा दुसरीकडे जातो.

पण ज्या मालाचा भाव ठाऊक नाही त्याला मी हात लावत नाही, मग तो शब्द का असेना. म्हणून अकोल्याला गेलो तेव्हा भावाकडे जाण्याआधी जुन्या शहरात, मोर्णेकाठच्या एका गल्लीत गेलो. तिथं एक निवृत्त इंग्रजीच्या बाई राहतात. टोपलीच्या काळात माझ्या रोजच्या गिऱ्हाईक. मेथीची जुडी सोडून काडी काडी पाहायच्या आणि मग दर पाडायच्या. माझ्याशी बरोबरीनं भांडणारं ते एकच गिऱ्हाईक.

"आज काय विकायला आलात?" त्यांनी दारातच विचारलं.

मी म्हणालो, आज घ्यायला आलो आहे. एका शब्दाचा अर्थ.

"फुकट नाही मिळणार," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला संत्री आणा. आणि वरची वरची दाखवायची नाहीत, तळातली आणायची."

मी शब्द सांगितला. जुन्या शहरात मर्ज म्हटलं की लोकांना आधी दुखणं आठवतं; बाईंनी सांगितलं, तो उर्दूतला वेगळा, याच्याशी त्याचं नातं नाही. हा लॅटिनमधून आला. तिथं मेर्गेरे असं क्रियापद होतं. अर्थ बुडवणे, पाण्याखाली नेणे. पाण्यात बुडी मारून मासे धरणाऱ्या एका बदकाचं शास्त्रातलं नावही त्यावरूनच पडलं आहे. धरणात गाव जातं ते सबमर्ज. बुडालेलं वर येतं ते इमर्ज. आणि दवाखान्याच्या दारावर इमर्जन्सी लिहिलेलं असतं, तेही तिथलंच. पाण्यातून अचानक काहीतरी डोकं वर काढावं तसं जे उभं राहतं ते. इंग्रजीत हा शब्द आधी बुडणे याच अर्थानं आला. मग वकिलांनी तो उचलला. जमिनीवरचा एखादा लहान हक्क मोठ्या हक्कात मिळाला आणि संपला, की त्याला मर्ज झाला म्हणायचे. तिथून तो कंपन्यांकडे गेला, बँकांकडे गेला, रस्त्यांकडे गेला आणि शेवटी तुमच्या फोनमध्ये आला.

त्या हे सगळं सहज सांगत होत्या, गवारीच्या शेंगा मोडत. मला मात्र उन्हातही गार वाटायला लागलं होतं. जमिनीवरचा हक्क हे शब्द मी दोनदा म्हणून घेतले. मग विचारलं, "बाई, दोन्ही बुडतात की एकच?"

त्यांनी शेंग हातात धरून थोडा विचार केला. "लहान असतं ते," त्या म्हणाल्या. "मोठ्याचं नाव राहतं."

माझा चेहरा पाहून त्यांनी पुढेही काही सांगितलं. आता लोक हा शब्द नुसता एकत्र करणे या अर्थानं वापरतात, त्यात कपट नसतं. शब्द कुठून आला यावरून माणूस काय करणार ते ठरत नाही. "तुमच्या पुतण्याला लॅटिन येतं का?" असं त्यांनी हसून विचारलं. मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात रस्ता आला होता. मोझरीजवळ गावाकडचा रस्ता महामार्गाला मिळतो तिथं मी माझी छोटी गाडी घेऊन कितीदा थांबलो आहे. मागून ट्रक येत असतात. ट्रकवाला तुमच्यासाठी थांबत नाही. लहान गाडीनं मान वळवून पाहायचं आणि जीव मुठीत धरून आत शिरायचं. पाहिलं नाही तर नाव ट्रकचंच राहतं.

भावाच्या घरी पोहोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. भाऊ खाटेवर बसलेला, छाती वरखाली होत असलेली. माझ्याकडे पाहून त्यानं मान हलवली, तेवढंच. पुतण्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक मोठा हिरवा चौकोन होता, त्यात ओळीनं ठिपके. ते ठिपके म्हणजे संत्र्याची झाडं.

मी विचारलं, धुरा कुठं आहे?

"धुऱ्याची गरजच नाही ना काका," तो म्हणाला. "दोन ओळी जास्त बसतात तिथं."

त्यानं विहिरीचं पाणी सगळ्यांना, असं पुन्हा सांगितलं, आणि माझं डोकं फिरलं. मी पुतण्याला सोडून भावाकडे वळलो. "पानी आज आठवलं तुले?"

भावानं खाटेचा काठ धरून दम घेतला. मग म्हणाला, "तवा मह्या हातात नोतं."

शेत त्याचं, विहीर त्याची, ठेका त्यानं दिलेला, आणि हातात नव्हतं. मी उठलो. ही माझी बाजारातली सवयही आहे. सौदा मनासारखा नसला की बोलायचं नाही, उठून चालू लागायचं. गरज असेल तर समोरचा दरवाज्यापर्यंत मागे येतो आणि भाव वाढवतो. दारात वहिनी उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा गडवा, दुसऱ्या हातात बशी, बशीत गूळ. "भाऊजी, उनातून आले. कोरडं पानी पिऊ नका," त्या म्हणाल्या. वहिनींशी माझं भांडण नव्हतं. मी गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यालो आणि बाहेर पडलो. मागून कुणी आलं नाही. मला वाटलं, ठीक आहे, चार दिवसांनी फोन येईल.

फोन आला तो शेताशेजारच्या कास्तकाराचा. "भाऊ, तुमचा धुरा तं साफ झाला," तो म्हणाला. "जेसीबी लावून राहिला पोट्टा. तुमीच सांगतलं म्हनते."

अमरावतीहून मोर्शीपर्यंत मी मोटारसायकल कशी चालवली ते मला आठवत नाही. आठवतं ते शेताच्या कडेला उतरल्यावरचं. समोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट काळं रान. धुरा नाही, दगड नाहीत, हिवर नाही. दगड नाल्यात लोटलेले होते. माझ्या शेतात तूर निघून गेली होती, भावाच्यात गहू. दोन्हीकडे नांगरट झालेली, त्यामुळे मातीचा रंगही वेगळा नव्हता. मला माझ्या शेतात जाऊन उभं राहायचं होतं आणि पाय कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं. अर्धं आयुष्य मी तिथं घालवलं होतं. डोळे मिटून चाललो असतो. आणि आता डोळे उघडे असून मी परक्याच्या रानात आल्यासारखा कडेला उभा होतो.  लहान ते बुडतं, हे बाईंचं वाक्य डोक्यात वाजत होतं.

पुतण्या हसत सामोरा आला. "काका, बघा, केवढं मोठं दिसतं आता."

"कोनं सांगतलं तुले?"

"तुम्हीच ना." तो गोंधळला. "तुम्ही नाही म्हणाला नाहीत. आणि गूळ खाल्ला. बाबा म्हणाले, गूळ खाल्ला त्यानं, आता तो मागे फिरत नाही."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.  बाजारात मला कुणी असं पकडलं नव्हतं. उन्हातून आलेल्याला पाण्याबरोबर गूळ देतात तो वेगळा, सौद्याचा वेगळा. पण खडा दोन्हीकडे सारखाच असतो, आणि पुण्याहून आलेल्या पोरानं त्यातला फरक कुठून ओळखावा? भावानं मात्र ओळखायला हवा होता. त्यानं मुद्दाम ओळखला नाही, असं मला तेव्हा वाटलं, आणि त्या वाटण्यानं भीती दुप्पट झाली. म्हणजे आता तो म्हणेल तिथं माझी हद्द.

मी म्हणालो, सब्बल आण, फावडं आण. कोळसा शोधू. त्याला कोळशाचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला की मोजणी करून घेऊ, फोनवरही जागा काढता येते. मी म्हणालो, मोजणी होईल तेव्हा होईल, मला आज माझ्या जमिनीत उभं राहायचं आहे.

मधल्या खड्ड्याची जागा मला वाटलं मला पक्की आठवते. हिवरापासून थोडी पश्चिमेला. पण हिवर कुठं होता? मी अंदाजानं खूण केली आणि खणायला लागलो. वरची माती सुटी, खालची ढेकळं लोखंडासारखी. काळ्या जमिनीत कोळसा शोधायचा म्हणजे काळ्यात काळं. प्रत्येक खडा उचलून तळहातावर घासायचो, काळी रेघ उठते का ते पाहायचो. उठायची नाही. मी दुसरीकडे खणलं. तिथंही नाही. पुतण्याही आता माझ्याबरोबर खणत होता. मग मला एक गोष्ट सुचली आणि हात थांबले. ही जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते, पावसात फुगते. दगड वर काढते, तर काय काय खाली ओढत असेल? बाप म्हणाला कोळसा सरकत नाही. बाप म्हणाला होता पाणी दोघांचं.

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. पुतण्यानं मला न विचारता फोन लावला आणि आवाज मोठा करून मातीवर ठेवला. त्या ढेकळांमधून माझ्या भावाचा श्वास यायला लागला.

पुतण्यानं काय झालं ते सांगितलं. पलीकडून नुसता श्वास. मला वाटलं, आता तो बोलणार, आणि पश्चिमेची एखादी जागा सांगणार, आणि ती खोटी आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नसणार. बाप नाही, झाड नाही, दगड नाहीत. त्या खड्ड्यात तिसरा साक्षीदार कोणी नव्हता.

"विहिरीच्या थाळ्यावर उभा राय," भाऊ म्हणाला. दम घेतला. "देवळाच्या कळसाकडं तोंड कर. बापानं तसंच उभं केलं होतं मले. सरळ चालत जाय, उंबराच्या ठुटापाशी थांब. खोल खन. कवेलू उभं लावलं होतं, आडवं नाई."

उंबराचं ठूट, तोडलेल्या झाडाचा तो बुंधा, मी विसरूनच गेलो होतो. विहिरीवरून पाहिलं तर ते ठूट नाल्याच्या काठाला अजून होतं. भावानं सांगितलेली जागा, नाल्याकडच्या टोकाची, माझ्या खड्ड्यांच्या पूर्वेला निघाली, त्याच्याच बाजूला, म्हणजे त्याचंच नुकसान करणारी. मला खात्री नव्हती. मी खणलं. कमरेएवढं गेलो तरी काही नाही, आणि मी मनात त्याला शिव्या द्यायला सुरुवात केली होती, तेवढ्यात सब्बलेचा आवाज बदलला. मातीत लाल कोर दिसली. कवेलू. उभं. त्याच्या पोटाशी जी माती होती ती मी घासली आणि तळहात काळा झाला.

भाऊ फोनवर थांबला होता. पुतण्या म्हणाला, सापडलं बाबा. तो म्हणाला, "मंग ठीक." आणि फोन ठेवला.

त्यानं खरं सांगितलं. त्यामुळे पाण्याची गोष्ट मिटली असं नाही; तो हिशेब वेगळा आणि तो उघडाच आहे. पण त्या दिवशी त्याला मला बुडवता आलं असतं, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही.

मग मी पुतण्याशी सौदा केला, त्या खड्ड्याच्या काठावरच, उभ्यानं. बाग लावायची. पाणी माझ्या झाडांना आधी, कारण माझी जमीन जास्त तहानलेली. पाइप धुऱ्याखालून जाईल. पण धुरा राहील. नाल्यातले दगड त्यानं पुन्हा आणून टाकायचे, ते त्यानं टाकले. नवा कोळसा मी त्याच्या हातानं पुरून घेतला आणि त्याला त्यावर पाय देऊन उभं केलं. त्यानं फोनवरही जागा टिपून घेतली. मी म्हणालो, तेही असू दे. मी गेल्यावर तो ही जागा कोणाला सांगेल, आणि ज्याला सांगेल तो खरं बोलेल का, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

बाईंना संत्री नेऊन दिली, तळातली. त्यांनी एक एक फिरवून पाहिलं आणि त्यातलं एक मऊ निघालं ते मला परत दिलं.

भावाकडे आता जातो, बागेच्या कामानं जावंच लागतं. वहिनी अजून बशी घेऊन दारात येतात. मी हात जोडतो आणि म्हणतो, वहिनी, आज निसतं पाणी. परवा भाऊ खाटेवरून पाहत होता.

"काऊन रे," तो म्हणाला, "गुळाले भेतं काय?"

"भेतो," मी म्हणालो, आणि कोरडं पाणी प्यालो.